बोर्डावरचे पेत्रूसर

सायलीचा फोन आला तेव्हा मी कोळंबीच्या कालवणाला फोडणी देत होते. सायली मूळची कल्याणची. शाळेत असताना ठाण्यात आमच्या बाळकुमच्या मैदानावर फुटबॉल शिकायला यायची, आता स्वतः तिथे मुलांना शिकवते. एरवी फोनवर ती इतकं बोलते की मी फोन या कानाचा त्या कानाला करत राहते. त्या दिवशी मात्र एवढंच म्हणाली, "मॅडम, सर गेले." मी विचारलं, "कुठे?" कारण पेत्रूचा, म्हणजे तिच्या फुटबॉलच्या सरांचा, भरवसा नव्हता. खोपटच्या डेपोत जाऊन जिची पाटी आवडेल त्या एसटीत चढायचं, शेवटच्या थांब्यावर चहा प्यायचा आणि परत यायचं, हा त्याचा रविवारचा उद्योग. "मॅडम, तसं नाही..." सायली म्हणाली. मग कळलं. सकाळची प्रॅक्टिस आटोपून तो खोलीवर आला, बूट काढून दाराबाहेर ठेवले, पंख्याखाली आडवा झाला आणि उठलाच नाही. बासष्ट वर्षांचा होता. माझ्याहून तीन वर्षांनी लहान.

दुपारी भाऊजी आले. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, गावच्या क्रीडा मंडळाचे कायमचे अध्यक्ष. रडून डोळे लाल झालेले, पण हातात मोबाइल आणि मोबाइलवर फ्लेक्सवाल्याचा नंबर. "वहिनी, श्रद्धांजलीचा मजकूर द्या. नाक्यावर लावायचाय. नावाखाली काय टाकू? माजी..." "माजी-बिजी काही नको," मी म्हणाले. मी कागदावर पेत्रूचं नाव लिहिलं, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि कागद त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी नाक्यावर मी भाजी घेत होते. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी त्या फ्लेक्सकडे बघून भाजीवाल्याला विचारलं, "हा तोच ना रे, फेकू कोच?" भाजीवाला म्हणाला, "हां, तोच. पण माणूस चांगला होता."

चांगला होता, पण फेकू. बारा-तेरा वर्षं पेत्रूच्या मागे हे नाव लागलेलं होतं. आपण रोमानिया देशाच्या संघातून खेळलो असं त्याने इथल्या लोकांना खोटंच सांगितलं, अशी सगळ्यांची समजूत. ते खोटं त्याचं नव्हतं. ते मी लिहिलं होतं, माझ्या हाताने, माझ्या वळणदार अक्षरात. मी, म्हणजे तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलेली आणि निबंधात अतिशयोक्ती केली म्हणून त्यांचे गुण कापलेली बाई. ही गोष्ट आम्हा तिघांतच राहिली होती: पेत्रू, भाऊजी आणि मी. ती नीट सांगायची तर पेत्रूबद्दलच सगळं सांगावं लागेल, आणि ते सांगायला मला आवडेल. इतकं कुतूहल वाटावं असा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

तो आमच्याकडे आला तेव्हा बाळकुममध्ये टॉवर नुकते कुठे उगवायला लागले होते. आमची घरं मूळची शेतीवरची आणि मिठागरावरची. जमिनी गेल्या, ज्यांच्या थोड्या राहिल्या त्यांनी चाळी बांधल्या. आमचीही सहा खोल्यांची एक चाळ होती. एका दुपारी सहा फूट उंचीचा, लाल पडलेल्या मानेचा एक गोरा माणूस अंगणात येऊन उभा राहिला आणि मोडक्या इंग्रजीत खोली मागू लागला. मुंबईतल्या एका कंपनीच्या फुटबॉल संघाने त्याला प्रशिक्षक म्हणून आणलं होतं, खोपटला डेपोमागे फ्लॅट दिला होता. वर्षाच्या आत कंपनीने संघ बंद केला. बरोबरचे परदेशी लोक आपापल्या देशी गेले, हा राहिला. का राहिला, हे मी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं. तो म्हणाला, "तिकडे पण क्लब बंद, इकडे पण क्लब बंद. इकडे मैदान जवळ." बसमधून जाताना त्याला आमच्या मंडळाचं मैदान दिसलं होतं, म्हणून तो नाक्यावर उतरला होता. खोली बघण्याआधी तो मैदान बघून आला होता.

माझ्या सासूबाईंचा जन्म मिठागरावर गेलेला. परक्याला खोली द्यायची म्हणजे आधी त्यांची परीक्षा. त्यांनी ओट्यावरूनच विचारलं, "इचार गो त्याला, त्याचा बापूस काय करतं?" मी विचारलं. पेत्रू म्हणाला, वडील मिठाच्या खाणीत कामाला होते. सासूबाईंना वाटलं, मी चुकीचं सांगतेय. मीठ खाणीत? जमिनीखाली? "सूर्व नाय, वारा नाय, ना मीट पिकल कसा?" मग पेत्रू खाली बसला आणि त्याने बोटाने मातीत चित्र काढलं. हा डोंगर, ही त्याच्या पोटात उतरणारी वाट, हे आतलं मिठाचं मोठं दालन. आमच्या देवळासारखी चार देवळं एकावर एक ठेवली तरी वरून जागा उरेल, एवढं उंच. सासूबाई ओट्यावरून उतरून त्याच्याजवळ येऊन बसल्या. तासभर दोघं मिठाबद्दल बोलत होती, ती आगरीत आणि तो इंग्रजीत, आणि मधे मी. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "दे त्याला खोली. याला मीट कलतं."

त्या खाणीतच तो फुटबॉल शिकला होता! हे ऐकल्यावर मला दोन दिवस झोप धड लागली नाही, इतके प्रश्न पडले. हिवाळ्यात बाहेर गुडघाभर बर्फ, म्हणून खाणकामगारांनी आत, मिठाच्या जमिनीवर, मैदान आखलेलं. मी विचारायची, चेंडू उसळायचा का? कमी. पडलं तर? खरचटायचं, आणि जखमेत मीठच, तेव्हा कुणी पडायचंच नाही. आणि आवाज? आवाज घुमायचा. एकाने हाक मारली की ती चारी भिंतींवरून चार वेळा परत यायची, कुणाची कुठून आली ते कळायचं नाही. म्हणून तिथली मुलं न ओरडता खेळायला शिकली, नुसत्या हाताच्या खुणांनी. आमच्या मैदानावरही पेत्रू कधी ओरडला नाही. त्याच्याकडे शिट्टीच नव्हती. हात वर केला की थांबायचं, तळहात खाली केला की हळू, दोन बोटं म्हणजे चेंडू रिकाम्या जागेत. आमच्याकडे कोच म्हणजे घसा फुटेस्तोवर शिव्या घालणारा माणूस. आया यायच्या, कठड्यावर बसायच्या आणि एकमेकींना विचारायच्या, "हा शिकवतोय कधी?"

तो स्ट्रायकर होता. हा शब्द मला त्यानेच समजावला, कारण माझी धाव क्रिकेटच्या पलीकडे नव्हती. गोल मारायचं काम ज्याचं, तो स्ट्रायकर. "म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा," मी म्हणाले. "नाही मॅडम. सगळ्यात रिकामा. ऐंशी मिनिटे कोणी बॉल देत नाही. उभे राहायचे. थंडी वाजते. मग एकदा बॉल येते, तेव्हा झोपायचे नाही." खाणीच्या संघातून तो दुसऱ्या विभागात, म्हणजे खालच्या दर्जाच्या साखळी स्पर्धेत खेळला, बरीच वर्षं. मग मोठ्या शहरातल्या पहिल्या विभागाच्या एका क्लबने त्याला नेलं. तिथे तो हंगामभर राखीव म्हणून बाकावर बसून होता. एकदाच मैदानात उतरवलं, शेवटची बारा मिनिटं. मी विचारलं, त्या बारा मिनिटांत काय केलं? त्याने आठवून सांगितलं: दोनदा चेंडू पायाला लागला, एकदा पास बरोबर गेला, एकदा चुकला. पुढे गुडघा गेला, तो खाणीच्या क्लबात परतला आणि तिथल्या मुलांना शिकवू लागला. मग त्यांच्या देशात राजवट बदलली. खाणीच्या जिवावर चालणारा क्लब बसला आणि बायको दुसऱ्या देशात कामाला गेली ती परत आली नाही. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं नाही. कधी शेंगा फोडताना, कधी लाइट गेल्यावर ओट्यावर बसून, तुकड्यातुकड्यांत सांगितलं. मी खोदून खोदून विचारायची, तो कंटाळायचा नाही.

एक गोष्ट मात्र मला लवकरच कळली. या माणसाला स्वतःबद्दल वाढवून सांगता येत नसे. आयुष्यातला सर्वात चांगला गोल कोणता, असं मी विचारलं, तर त्याने चिखलात घसरून पडलेल्या गोलकीपरची गोष्ट सांगितली आणि म्हणाला, "तो गोल माझा नाही. चिखलाचा." सासूबाईंच्या हातचं कालवण खाऊन "आज मीठ जास्त" म्हणायची हिंमत आमच्या घरात माझ्या सासऱ्यांनीही कधी केली नव्हती. पेत्रूने तिसऱ्या दिवशी केली. सासूबाई रागावतील म्हणून मी तोंड लपवलं. त्यांनी बोट बुडवून चाखलं आणि म्हणाल्या, "व्हय, झायलाय जास्त." तेव्हापासून त्या कालवण आधी त्याला चाखायला पाठवत.

आता फ्लेक्सकडे येते. आमच्या भागात लग्नपत्रिका असो, वाढदिवस असो, दहावीत पास झालेल्याचं अभिनंदन असो, मजकूर माझा. मास्तरीण घरात असताना बाहेर कुणाला विचारायचं? आणि फ्लेक्सची एक भाषा असते, ती मला चांगली अवगत होती. तिथे पंचविशीतला पोरगा 'कार्यसम्राट' असतो आणि ज्याला घरचे भाजी आणायला पाठवायला घाबरतात तो 'भावी नगरसेवक' असतो. कुणी ते खरं मानत नाही, कुणी त्याला खोटंही म्हणत नाही. पेत्रू मैदानावर मुलांना शिकवायला तयार झाला तेव्हा भाऊजी मजकूर मागायला आले. मी लिहिलं, 'फुटबॉल प्रशिक्षण वर्ग, प्रशिक्षक पेत्रूसर.' भाऊजींनी तोंड वाकडं केलं. "वहिनी, असं सपक लिहिलं तर कोण येणार? इकडे सगळी क्रिकेटची येडी. काहीतरी झकास टाका ना." माझ्या हातात पोळीचं लाटणं होतं. ते खाली ठेवून मी कागदावर वाढवलं: 'रोमानियाचे माजी आंतरराष्ट्रीय स्ट्रायकर.' खाणीचा संघ एकदा नदीपलीकडच्या देशातल्या गावाशी मैत्रीचा सामना खेळून आला होता, असं पेत्रूने सांगितलेलं मला आठवत होतं. नदीपलीकडे दुसरा देश, म्हणजे आंतरराष्ट्रीयच की, असं मी मनाशी म्हटलं आणि पोळी तव्यावर टाकली. पेत्रूला विचारावं, हे माझ्या मनातही आलं नाही.

फ्लेक्स महिन्याभरात फाटतो, त्याचं काही नाही. पण वर्ग चालला. घोडबंदरकडून, डोंबिवलीहून, कल्याणहून मुलं यायला लागली. भिवंडीमार्गे येणाऱ्या बसमधून सकाळी सहाला मुलं पेंगत उतरायची. तेव्हा भाऊजींनी मैदानाच्या दाराशी लोखंडी बोर्ड उभा केला आणि त्यावर तोच मजकूर रंगवून घेतला. पेत्रू रोज त्या बोर्डाखालून ये-जा करायचा. वाचता येत नव्हतं. मराठी बोलायला तो मैदानावर शिकला होता, पण अक्षरं त्याला किड्यामुंग्यांसारखी दिसत.

मग एसटीने घोळ केला. खोपटच्या डेपोतल्या पाट्या सगळ्या मराठीत, आणि याला त्या वाचायच्या होत्या. "मॅडम, शिकवा." मी उत्साहाने शिकवायला घेतलं. पाट्यांचीच मुळाक्षरं केली: वाडा, मुरबाड, पनवेल, अलिबाग. माणूस इतका झपाट्याने शिकत होता की मला धडकी भरली. कारण मधल्या काळात मला त्याचा स्वभाव कळला होता आणि बोर्ड तिथेच उभा होता. मी काय करावं? जोडाक्षरं पुढे ढकलली, कारण 'आंतरराष्ट्रीय' त्यांच्याशिवाय वाचता येत नाही. "अवघड असतात, पावसाळ्यानंतर बघू." पावसाळ्यानंतर म्हटलं, दिवाळीनंतर बघू. 'कल्याण' आणि स्वतःचं नाव त्याने चित्रासारखं पाठ केलं होतं. एकदा बोर्डाखाली उभा राहून त्याने विचारलं, "हे माझे नाव. हे रोमानिया. पुढे काय?" मी म्हणाले, "तुम्ही तिथे पूर्वी स्ट्रायकर होतात, असं लिहिलंय." अर्धं खरं बोलायची मला सवयच लागली होती. भाऊजींना मी दोनदा सांगितलं की बोर्ड बदला. ते म्हणाले, "चाललंय ना वहिनी, कशाला हात लावताय?" आणि खरं सांगायचं तर मीही जोर लावला नाही.

एका मोठ्या शाळेत फुटबॉल प्रशिक्षक हवा होता. पक्की नोकरी, राहायला जागा. पेत्रूला त्याची फार आस लागली. त्याच्या व्हिसाचं दरवर्षीचं रडगाणं त्याने सुटणार होतं, आणि त्याला आता जायचं नव्हतं, हे त्याने मला पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलं. इस्त्रीचा शर्ट घालून तो मुलाखतीला गेला. तिथे त्यांनी आदराने विचारलं, देशाच्या जर्सीतला एखादा फोटो आहे का? तो म्हणाला, मी देशाकडून कधी खेळलो नाही. त्यांनी मोबाइलवर आमच्या बोर्डाचा फोटो दाखवला. पेत्रू म्हणाला, मला ते वाचता येत नाही. सहा वर्षं इथे राहणारा, फडाफडा मराठी बोलणारा माणूस म्हणतोय, मला माझ्याच नावाचा बोर्ड वाचता येत नाही... कोण विश्वास ठेवेल? नोकरी हुकलीच, आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो पालकांच्या व्हॉट्सॲपवर फिरायला लागला.

मुलाखतीहून तो परस्पर माझ्याकडे आला. शर्ट घामाने भिजलेला. म्हणाला, "मॅडम, चला. वाचून दाखवा." आम्ही बोर्डाखाली जाऊन उभे राहिलो. मी वाचलं. त्याचं इंग्रजी करून सांगितलं. मग त्याने विचारलं, "कोणी लिहिले?"

"मी."

"मला नाही विचारले."

"मुलं यावीत म्हणून लिहिलं हो, पेत्रू. लोक यावेत म्हणून."

"मग ते दुसऱ्या माणसाकडे आले," तो म्हणाला. "माझ्याकडे नाही." आणि खोलीकडे निघून गेला.

रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात पालकांची सभा झाली. सगळा मंडप भरला होता. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, समोर खुर्चीवर पेत्रू. सायलीचे वडील उभे राहिले. त्यांनी कल्याणहून पोरीला रोज पहाटे बसमध्ये बसवलं होतं आणि नातेवाइकांकडे अभिमानाने सांगितलं होतं की तिचा कोच आंतरराष्ट्रीय आहे. त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही रोमानियाकडून खेळलात का?" पेत्रू म्हणाला, "नाही." "मग बोर्डावर खोटं का लिहिलंत?" मी तिसऱ्या रांगेत बसले होते. त्या वर्षी मी मुख्याध्यापिका होणार होते आणि मंडपातले निम्मे पालक माझ्याच शाळेतल्या मुलांचे होते. उठावं आणि सांगावं, असं मला वाटलं, देवाशपथ वाटलं. पण उद्या वर्गात पोरं काय म्हणतील, हेही वाटलं. पेत्रूने माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटतं, मुद्दामच बघितलं नाही. तो म्हणाला, "बोर्डावर नाव माझे आहे. चूक माझी." बास. निम्मी मुलं त्या आठवड्यात गेली. सायलीही गेली. घरी परतताना भाऊजी म्हणाले, "मिटलं वहिनी. आता जाऊ दे." मी तेही ऐकून घेतलं.

सोमवारी संध्याकाळी दार वाजलं. दारात पेत्रू, हातात मुळाक्षरांची वही. "मॅडम, आता अर्धी अक्षरे शिकवा." मी शिकवलं. दोन महिन्यांनी भाऊजींनी बोर्ड पुसायला माणूस बोलावला, तेव्हा पेत्रूने त्याच्या हातातून ब्रश घेतला आणि बालवाडीतल्या अक्षरात स्वतः लिहिलं: 'पेत्रू. फुटबॉल शिकवतो. सकाळी सहा ते आठ.' येणारे-जाणारे हसायचे. फेकू कोच हे नाव तोवर पक्कं झालं होतं. हळूहळू मुलं परत आली. सायली तीन दिवस जेवली नाही म्हणून तिच्या वडिलांनाही आणावं लागलं तिला. पुढच्या वर्षांत त्यांचं आणि पेत्रूचं चांगलं जमलं, पण थट्टेत का होईना, फेकूसर म्हणणं काही सुटलं नाही. पेत्रू हसायचा.

मी त्याला तीनदा म्हणाले, मी सगळ्यांना सांगते. पहिल्यांदा तो म्हणाला, "सांगा." मी सांगितलं नाही, कारण नुकतीच मुख्याध्यापिका झाले होते. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा सासूबाई आजारी होत्या. तिसऱ्यांदा मी निवृत्त झाले होते, गप्प राहायला काही कारण उरलं नव्हतं. आम्ही मैदानाच्या कठड्यावर बसलो होतो. मी म्हणाले, "तुम्हीच सांगून टाका ना, पेत्रू. माझी काही हरकत नाही." तो म्हणाला, "बॉल माझ्याकडे नाही मॅडम. तुमच्या पायात आहे. मी घेणार नाही."

"किती दिवस वाट बघणार?"

"स्ट्रायकर आहे मी," तो म्हणाला, आणि मुलांकडे बघत तळहात खाली केला, हळू. यालाही आता चार वर्षं झाली. या चार वर्षांत मी काय केलं, हे मला कुणी विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही. लाज वाटते, एवढंच.

त्याला ठाण्यातल्या दफनभूमीत ठेवलं. त्याची बहीण इलिंका म्हातारी, तिला येणं शक्य नव्हतं. सायलीने तिला व्हिडिओवर सगळं दाखवलं. त्यानंतर महिन्याभराने इलिंकाचा मला फोन आला. तिचं इंग्रजी माझ्याहून मोडकं. तिने विचारलं, चाळिसाव्या दिवशी कुणी गहू करणार आहे का? मला कळेना. मग तिने समजावलं. त्यांच्याकडे चाळिसाव्या दिवशी गहू शिजवून त्यात साखर आणि अक्रोड घालतात आणि माणसाला ओळखणाऱ्या सगळ्यांना वाटतात. हे मला भारी वाटलं. म्हणजे आपली खीरच की, दूध नसलेली! मी तिला शंभर प्रश्न विचारले. गहू किती वेळ भिजवायचा, सालीसकट की कांडलेला, वाटताना हातात द्यायचा की वाटीत. तीही खुलली. शेवटी म्हणाली, आणि घेणाऱ्याने खाण्याआधी म्हणायचं: देव त्याला क्षमा करो. मी विचारलं, हे का? ती म्हणाली, सगळ्यांसाठीच म्हणतात, माणूस कितीही चांगला असला तरी. मी हो म्हणून फोन ठेवला आणि मग लक्षात आलं... दीड-दोनशे माणसं मैदानावर येणार, हातात वाटी घेणार आणि म्हणणार, देव पेत्रूला क्षमा करो. आणि त्यातल्या बऱ्याच जणांना वाटणार, हो, करायलाच हवी, थाप मारली होती ना याने.

चाळिसाव्या दिवशी सकाळी आठला, प्रॅक्टिस संपल्यावर, भाऊजींनी मोठं पातेलं मैदानावर आणवलं. मुलं घामाघूम होऊन ओळीत बसली, पालक मागे उभे. सायलीने इलिंकाने सांगितलेलं वाक्य सगळ्यांना समजावून सांगितलं. मी वाट्या भरून देत होते. सायलीचे वडील पुढे आले. केस पांढरे झालेत त्यांचे आता. वाटी घेऊन त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "देव सरांना क्षमा करो." मग डोळे उघडून माझ्याकडे बघून हसले, अगदी मायेने, डोळ्यांत पाणी असताना. "एवढी एकच तर थाप मारलेली सरांनी. करेल देव."

"ती त्यांनी नव्हती मारली," मी म्हणाले. आवाज इतका लहान निघाला की मला पुन्हा म्हणावं लागलं. "तो बोर्ड मी लिहिला होता. त्यांना न विचारता. त्यांना वाचता येत नव्हतं. आणि मंडपात तुम्ही त्यांना विचारलंत, तेव्हा मी तिथेच बसले होते. गप्प."

त्यांनी वाटी खाली केली. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मॅडम," ते म्हणाले, "त्या दिवशी मंडपाच्या बाहेर, पोरीसमोर मी सरांना काय काय बोललेलो, माहितीये तुम्हाला?" मला माहीत नव्हतं. पेत्रूने कधी सांगितलं नव्हतं. "ऐकून घेतलं त्यांनी सगळं." मग ते मुलांकडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, "ऐका रे पोरांनो. सर खोटं बोललेले नाहीत. कधीच नाही. घरी जाऊन सांगा सगळ्यांना."

मुलं वाट्या धरून बसलेली. पुढच्या ओळीतल्या एका चिमुरडीने विचारलं, "मग आता काय बोलून खायचं?"

"तेच म्हणा," मी म्हणाले. "फक्त नाव माझं घ्या."

"वहिनी, अहो जित्या माणसाचं नाव घेत नाहीत यावर!" भाऊजी पुढे धावले. मग ते थांबले, मुलांकडे बघितलं आणि खाली मान घालून म्हणाले, "माझं पण घ्या रे. बोर्ड मी लावलेला."

मुलांना जित्या-मेल्याचं काय असतं? त्यांनी आमची दोघांची नावं घेतली, एका सुरात, शाळेतल्या प्रार्थनेसारखी, आणि भुकेली होती म्हणून भराभर खायला लागली. एकट्या सायलीच्या वडिलांनी आमच्यासाठी ते वाक्य म्हटलं नाही. त्यांच्या वाटीतला गहू तसाच होता. मी त्यांना खा म्हणाले नाही.